गिरणीने खाल्लेले कान

'वय' हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वर्षभर माझ्या कानांत किर्र वाजतंय, आणि ज्याला सांगावं तो हेच म्हणतो. मुलगा सॅम्युएल म्हणतो, चर्चमधले म्हणतात. तालुक्याच्या डॉक्टरने तर मला खुर्चीत धड टेकूही दिलं नाही. "वय झालं, आजी." मी बासष्टची आहे. शेजारची बायडाबाई सत्तरीची, तिला गल्लीतली कुजबुज ऐकू येते. तिला वय नाही?

शेवटी एकटीच एसटीने नगरला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी कानात मळ आहे का पाहिलं, रक्तदाब मोजला, गोळ्या कुठल्या घेते ते विचारलं. मग म्हणाल्या, "काम काय करायचात?"

"काष्टीत पिठाची गिरणी हाय. पंचवीस वर्सं मीच चालवली. आता सून बघती."

"कानांना काही लावायचात?"

मला हसूच आलं. पिठापायी नाकातोंडाला पदर बांधायचे. कानांना कोण काय लावतं?

बाई हसल्या नाहीत. "वय थोडं असेल, पण कान गिरणीने खाल्लेत. गेलेलं परत येत नाही. आधी बारीक आवाज जातात, मग मागून मारलेली हाक."

एसटीभर ती हाक माझ्या डोक्यातून जाईना. माझी सून स्टेला मागून हाक मारली की ओ देत नाही. मी तिला काय काय बोलले होते! सुनेला मिजास आलीय, असं गावभर सांगितलं होतं. मला माझाच संताप आला.

घरी पोचले तेव्हा गिरणी बंद होती. स्टेला पाठमोरी बसून पीठ झाडत होती. दारातून हाक मारली. जवळ जाऊन मारली. खांद्याला हात लावला तेव्हा दचकली.

"तुझ्या बी कानात वाजतंय का गं?"

"व्हय, आत्या. दोन वर्सं झाली."

"मग बोलली का न्हाईस?"

"ह्ये म्हनत्यात, म्हाताऱ्या मानसांना व्हतं त्ये. मग म्या कुनाला सांगू?"

तेवढ्यात सॅम्युएल आला. "आई, काय म्हनली डॉक्टरीन? वयच ना?" म्हणत त्याने गिरणी चालू करायला बटणाकडे हात नेला.

मी तो हात धरला, स्टेलाला त्याच्यासमोर उभं केलं.

"व्हय, वयच. चौतीस."