उमेदवार लोखंड ओततात

माझे वडील, आप्पा, जाऊन महिना झाला, तेव्हा उदयसिंहकाकांनी प्रचारासाठी आमची लोखंड ओतायची फौंड्री मागितली. कित्येक वर्षं ते आप्पांचे भागीदार होते. आप्पा भट्टीजवळ असायचे, काका पुण्याच्या कंपन्यांतून ऑर्डरी आणायचे. वेगळे झाल्यावर काढलेले त्यांचे दोन्ही कारखाने चालले. त्यामुळे पत्रकातलं ‘उद्योजक उमेदवार’ खोटं नव्हतं. ‘स्वतः लोखंड ओतून वर आलेला’ हे मात्र मी पुन्हा वाचलं.

नाही म्हणता आलं असतं. पण भाषणात आप्पांचं नाव घेईन, असं ते म्हणाले होते. ते नाव कुणीतरी मोठ्यानं घ्यावं, असं मला वाटत होतं.

फौंड्रीत मोबाइलवर लाइव्ह सुरू झालं आणि काका बोलू लागले.

“कोल्हापूरची पोरं पुण्याला का जात्यात? हितं नुसतं सुटं भाग बनत्यात, अख्खा पंप बनत न्हाय म्हणून! गारगोटीला, शाहूवाडीला कारखान्यांच्या वसाहती काढू. पोरं हितंच कमावतील!”

मुद्दा बरोबर होता. आप्पाही हेच म्हणायचे. त्यांचं नाव अजून आलं नव्हतं.

“आता ओतून दाखवतो,” काका म्हणाले. “हात इसरला न्हाय अजून.”

कार्यकर्त्यांनी लाडल आणली. वितळलेलं लोखंड झेलायचं, दोघांनी दोन्हीकडून धरायचं भांडं. एरवी ते राखेनं माखलेलं असतं. आज लख्ख होतं, आणि कडेवरून पाणी ओघळत होतं.

“धुतली की काय?” मी शेजारच्या कार्यकर्त्याला विचारलं.

“व्हय ताई. कॅमेऱ्यात लई घाण दिसत हुती.”

ओल्या लाडलमध्ये लोखंड पडलं, की पाण्याची एकदम वाफ होते आणि रस माणसांच्या अंगावर उसळतो. म्हणून आप्पा आधी बर्नर लावून ती लाल होईपर्यंत तापवायला लावत. लाडलची एक दांडी काकांनी धरली होती, दुसरी आमच्या जुन्या भट्टीवाल्या आकारामतात्यांच्या हातात होती. पक्षानं दिलेल्या काळ्या चष्म्यातून त्यांना काही दिसत नसावं.

“काका, थांबा!”

ते कॅमेऱ्याकडे वळून हसले. “ही भूपालआप्पांची लेक, चंदना. बाप गेलाय, पोरगी भेदरलीया. ओत रं!”

भट्टी कलू लागली. मी पुढे झाले आणि उघडा तळहात लाडलच्या आत टेकवला.

तात्यांनी चष्मा वर केला. माझ्या ओल्या बोटांकडे पाहिलं.

“भट्टी मागं घे! मागं घे आधी! कुठल्या मुडद्यानं धुतली ही?”

भट्टी सरळ झाली. काकांच्या हातून दांडी सुटली. लाइव्ह चालूच होतं.

“आप्पांची शिस्त बघा,” ते म्हणाले. “असं प्रशिक्षण परत्येक वसाहतीत...”

“काका, तुम्ही ऑर्डरी आणायचात,” मी म्हणाले. “तेवढंच सांगा. ते खरं आहे.”

त्यांनी हेल्मेट काढलं. “बंद करा रं ते,” पोरांना म्हणाले.

तात्यांनी बर्नर पेटवला. लाडल लाल व्हायला वेळ लागतो. आम्ही सगळे तिथेच उभे राहिलो. काकाही.