नीलकंठाचं झाड

दर सोमवारी होटगीच्या माळावर आप्पा महाराजाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नसायची. मधोमध जांभळ्या पानांचं बुटकं झाड, त्यावर गुलाबी फुलांचे घोस आणि खाली आप्पा.

"शंकरानं इष पिलं, कंठ निळा झाला! माजं झाड तुमचं दुखणं पितंय. हिरवं रोप न्या, अंगणात उनात ठेवा. पानं जांभळी झाली की दुखणं गेलं. गोळ्या टाका उकिरड्यावर!"

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुकन्याच्या आईनं, शिवम्मानं, तेच केलं. पानं जांभळी होताच तिनं मधुमेहाच्या गोळ्या लेकीच्या नकळत फेकल्या. थोड्याच दिवसांत ती स्वयंपाकघरात कोसळली. दवाखान्यात शुद्धीवर येताच पुटपुटली, "झाडानं समदं दुखणं वढलं नसंल अजून."

सुकन्याचं डोकंच फिरलं. घरी येऊन तिनं रोप निरखलं. भिंतीच्या सावलीतली फांदी हिरवीच होती! तिनं निम्म्या रोपावर पोतं बांधलं आणि वाट पाहिली. पोत्याखाली फुटलेली नवी पानं हिरवी निघाली, उन्हातली जांभळी.

पुढच्या सोमवारी तिनं ती कुंडी आप्पासमोर आदळली.

"आप्पा, आई तर एकच. मग झाडानं निम्मंच विष कसं प्यालं?"

"पोतं घातलंस, द्येव कोपला!"

"असं? मग तुमचा देव रोजच कोपतो की!" आप्पाची रोपं जिथून यायची, त्या मांडवामागं ती तडक गेली आणि तिथली ऊन अडवणारी शेडनेटची जाळी तिनं ओढून काढली. आत त्याच जातीच्या हिरव्या रोपांच्या रांगा.

गर्दी रोपं बघायला पुढं सरकली.

"ही नर्सरीत मिळणारी शोभेची जात आहे. उन्हात पानांत जांभळा रंग भरतो, सावलीत पान हिरवं राहतं. हा सावलीत रोपं वाढवतो आणि तुम्हाला उन्हात ठेवायला सांगतो. एवढाच चमत्कार!"

गर्दीत मागं उभ्या असलेल्या बाळाबाईचा आवाज आला. "मंजी... माज्या मालकानं टीबीच्या गोळ्या सोडल्या, त्ये उगाच?" तिचा नवरा वारून महिनाही झाला नव्हता.

आप्पा मोटारसायकलकडं सटकत होता. माणसांनी त्याला घेरलं, पोलिसांना फोन लावला.

सुकन्यानं बाळाबाईचा हात धरला. मग गर्दीकडं वळून म्हणाली, "झाड जरूर लावा, फुलं छान येतात. पण दुखणं डॉक्टरला दाखवा. आणि कुणी चमत्कार सांगितला, तर हात जोडण्याआधी विचारा, 'कशावरून?'"