जिभेला लोंबकळणारं हाड

"जीभ बाहेर! आणखी बाहेर! लाजताय काय, बायकोसमोर चालते तेवढी तरी काढा!"

रांग खो खो हसली. पुढच्या म्हातारबांनी जीभ काढली, जीभबाबानं तिच्यावर हाडाचा तुकडा टेकवला आणि हात सोडला. हाड पडलंच नाही, लोंबकळत राहिलं!

"पकडला! रोग पकडला!" कौलांच्या कारखान्याचं आवार टाळ्यांनी दणाणलं.

कारखान्याच्या मातीखाणीत ही भलीमोठी कवटी निघाली होती, हाड तिचाच तुकडा. कपाळाच्या मधोमध एकच भोक. झालं, एकडोळ्या राक्षस ठरला! तो म्हणे माणसांचे रोग खायचा आणि मेल्यावरही त्याची भूक भागलेली नाही. "पण हाड मानी आहे," बाबा बजावायचा. "पोटात डॉक्टरची गोळी असली की रुसतं."

या एका वाक्यापायी मी दवाखाना बंद करून आले होते. मी दातांची डॉक्टर. रांगेत माझी ताई उभी होती, तिचा हात धरून माझी भाची चिमी. चिमीला फिट येतात. ताईनं तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

"अगं, एकदम बंद केल्यास तर जिवावर बेतेल."

"गोळ्यांनी दिवसभर पेंगते पोरगी. तुझ्या पोटची असती म्हणजे कळलं असतं."

मी तरातरा पुढं गेले. कवटीतला दात पाहिला आणि हसूच फुटलं. "अहो, माणसं खाणारा दात असा असतो? हा पाला दळायचा दात आहे! हत्तीचा कुणीतरी जुना भाऊबंद हा. ते भोक डोळ्याचं नाही, नाकाचं. तिथून सोंड निघायची. याचे नातलग आफ्रिकेतून निघाले आणि पिढ्यानपिढ्या चरत चरत पार अमेरिकेपर्यंत पोचले. त्यांची हाडं कुठं कुठं सापडतात."

"मग चिकटतं कसं?" कुणीतरी ओरडलं.

इथं माझे भावोजी, ताईचे यजमान, भट्टीवर मिस्त्री. रोज भट्टी उघडली की ते कौलाला जीभ लावतात. घट्ट चिकटलं तर कौल कच्चं. इथले सगळेच कामगार हे करतात. मी कच्च्या कौलांच्या ढिगातून एक तुकडा उचलला, जिभेला लावला, हात सोडला. लोंबकळला!

"बारीक बारीक भोकं थुंकी ओढून घेतात, म्हणून चिकटतं. या जुन्या हाडातही तशीच भोकं आहेत. रोगबिग काही नाही!"

जिंकले, असं मला वाटलं.

"आणि कौल कुठल्या मातीचं?" बाबा गरजला. "राक्षस निजला होता त्याच मातीचं! बाईंनीच दाखवून दिलं!"

अख्खी रांग कच्च्या कौलांच्या ढिगाकडं धावली. ताईसुद्धा. मी कपाळावर हात मारून घेतला. भावोजी बाजूला उभे होते.

"तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोला ना! तुमचं ऐकतील."

"काय बोलू? हाड आल्यापासून ही रात्री झोपते तरी. माझ्याकडं दुसरं काय आहे तिला द्यायला?"

माझा राग जागच्या जागी विरला. रडू आलं नुसतं.

परवा चिमीला फिट आली. मी पोचले तेव्हा ताई तिच्या आवळलेल्या दातांत कौलाचा तुकडा कोंबू बघत होती. मी तो हिसकावला, पोरीला कुशीवर वळवलं. पुढं करण्यासारखं काही नव्हतं, आम्ही दोघी तिच्याकडं बघत बसलो. चिमी शुद्धीवर आली. दर वेळी येईलच असं नाही. ताईनं तुकडा पुन्हा पदराला बांधला.

तिनं माझं ऐकलं नाही, निदान तुम्ही तरी ऐका. खापराच्या तुकड्याला जीभ लावून बघा, चिकटेल. खुशाल चाटा. गोळी झेपत नसेल तर डॉक्टरशी भांडा, दुसरी मागा. पण हात जोडते, पोरांच्या गोळ्या बंद करू नका.