दुसरी दोरी

"आत बटन नाही लावत मी, बाई," स्टुलावर उभे असलेले गोपाळराव वायरमन म्हणाले. "ओला हात लागला का माणूस चिपकते."

मनीषनगरातल्या त्या फ्लॅटच्या बाथरूमच्या दारात प्रेमलता पदर मनगटावर ओढून उभी होती. दिव्याचं आणि एक्झॉस्ट पंख्याचं, दोन्ही बटनं तिला आत हवी होती. बाहेरची बटनं नवऱ्याच्या हाती. जितेंद्र इतवारीतलं भांड्यांचं दुकान बंद करून आला, की कशावरूनही हात उचलायचा. ती पळत बाथरूममध्ये शिरायची, कडी लावायची. मग तो बाहेरून दिवा घालवायचा आणि पंखा लावायचा. आत काळोख दाटे, काळोखात पंखा दळण दळे, आणि तिचा हुंदका जात्यातल्या दाण्यासारखा भरडून निघे. लाथांनी कडी निखळली, तिचं डोकं फरशीवर आपटलं, तरी वरच्या मजल्यावर काही पोचत नसे. वरच्या यमुताई एकदा एवढंच म्हणाल्या होत्या, की तुमचा पंखा लय वाजते वं.

यातलं काही तिनं गोपाळरावांना सांगितलं नाही. काहून पाहिजे आतून, असं त्यांनी विचारलं, तेव्हा पदर जरा सरकला. मनगटावर बोटांचे निळे वळ होते. म्हाताऱ्यानं नजर वळवून छताकडे पाहिलं.

"छताले दोरीची दोन बटनं लावतो, एक दिव्याचं, एक पंख्याचं. नायलॉनची दोरी. ओल्या हातानं ओढली तरी करंट येत नाही. अर्थिंगही देतो." मग खाली न पाहता म्हणाले, "अन् कडी मीच बदलून देतो, पोरी. जाड."

बाहेरची बटनं त्यांनी जागेवरच राहू दिली. त्यांच्या आतल्या तारा तेवढ्या काढून दोऱ्यांच्या बटनांना जोडल्या.

संध्याकाळी, दुपारी फोन काहून नाही उचलला म्हणून जितेंद्रनं स्टीलचा तांब्या फेकून मारला. तिची भुवई फुटली. त्यानं केस धरून तिला भिंतीवर आपटलं. मूठभर केस त्याच्याच हातात सोडून ती बाथरूममध्ये शिरली. कडी लागली. एक दोरी तिनं ओढली, उजेड पडला. दुसरीला हात लावला नाही.

बाहेर बटनं खटखटली. उजेड गेला नाही, पंखा फिरला नाही. दारावर लाथ बसली. दार हललं, कडी हलली नाही.

"उघड. आज तुले मारूनच टाकतो."

थांबलेल्या पात्यांच्या फटींतून ते शब्द बिल्डिंगच्या डक्टमध्ये चढत गेले, मजल्यामागून मजला. पाठोपाठ प्रेमलतानं यमुताईंना हाक मारली. किती दिवसांनी तिनं आपला आवाज ऐकला.

वर खिडकी सरकली.

"दार उघडू नको वं. आम्ही येऊन राहिलो."

जिन्यात चपला वाजल्या, एकीच्या नव्हेत, बऱ्याच जणांच्या. जितेंद्रचा आवाज एकदम खाली आला. पाय घसरून पडली ती, असं तो फ्लॅटच्या दारात कुणाला तरी समजावू लागला.

आत प्रेमलतानं रक्त धुवायला नळ सोडला. ओंजळ भरली. मग ती तशीच ओतून दिली, नळ बंद केला, आणि न धुतलेल्या चेहऱ्यानं कडी काढली.