वैद्यबाईंचा पहिला प्रश्न

रविवारी सकाळी ताईचा फोन आला की नकाशेसाहेबांचं एक वाक्य ठरलेलं असे. "येतो गं ताई. गाडी तेवढी आली की आलोच!"

हे वाक्य ते सात वर्षं म्हणत होते. तुमच्या-आमच्या घरातही असं एखादं वाक्य असतंच. कुणाचं 'घर तेवढं मोठं झालं की', कुणाचं 'परीक्षा तेवढ्या संपल्या की'. बोलताना ते अजिबात खोटं वाटत नाही, हीच तर त्यातली मेख!

नकाशेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मोजणी कार्यालयात बावीस वर्षं डोंगरांच्या उंचीच्या रेषा काढत बसलेल्या माणसाला सहकाऱ्यांनी लाडानं दिलेलं ते नाव. कागदावर ते चढले नाहीत असा डोंगर नव्हता. प्रत्यक्षात मात्र कार्यालयाचा जिना चढताना ते मध्ये एकदा थांबत आणि भिंतीवरच्या सूचना वाचल्यासारखं करत.

ताई डोंगरावर राहायची. खालच्या गावापासून वर शेवटची अर्ध्या तासाची चढण, नुसती दगडधोंड्यांची. तिथे तिची पंधरा मुलांची शाळा आणि भाऊजींच्या शेळ्या. सात वर्षांपूर्वी साहेब बायकोला आणि वर्षाच्या लेकीला, बिट्टीला, घेऊन आपल्या छोट्या गाडीनं तिकडे गेले होते. निम्म्या चढणीवर गाडी रुतली. अख्खं गाव ढकलायला आलं आणि भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढच्या वेळी गाडी खिशात घालून आणा, म्हणजे सोपं पडेल!" सगळे हसले. ताईसुद्धा हसली. साहेबही हसले, पण ते हसू घशात अडकलं ते आजतागायत. पुन्हा जाईन तर अशा गाडीनं, की भाऊजी दारात उभे राहून बघतच राहतील, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

ताईला गाडी लागायची, बसमध्ये बसल्या बसल्या जीव नकोसा व्हायचा, म्हणून ती कधी शहरात यांच्याकडे आली नाही. हे वर गेले नाहीत. बघता बघता बिट्टी आठ वर्षांची झाली.

त्या रविवारी ताईनं हसत हसतच सांगितलं, "अरे, खालच्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आले. कडेचं दिसणं गेलंय, मधलं तेवढं उरलंय. नळीतून बघावं तसं. समोर बसलेलं माणूस तुकड्या-तुकड्यानं बघावं लागतं, आधी नाक, मग कान! तुझे भाऊजी म्हणतात, बरं झालं, मी एकदम सगळा दिसत नाही ते."

"औषध दिलं ना?" साहेबांचा आवाज उतरला.

"दिलंय की. थेंब घालते. पण गेलेलं परत यायचं नाही म्हणाले, आणि उरलेलंही आकसत चाललंय. वर्षअखेरपर्यंत दिसेल तेवढं दिसेल. बिट्टीला एकदा डोळे भरून बघायचं होतं रे."

"येतो गं ताई," साहेब म्हणाले. इथेच थांबायचं होतं, पण जीभ सवयीनं पुढे सरकली. "गाडी तेवढी आली की आलोच."

ताई नुसतं "बरं" म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "तुमची ती गाडी येईपर्यंत डोंगर झिजून सपाट व्हायचा," ती म्हणाली. "अहो, निदान आता तरी!"

"आजच ठरवून टाकतो!" साहेब तटकन उठले.

गाडी त्यांनी हेरून ठेवलेली होती. नऊ वर्षांची, मधल्या आकाराची, ऐटबाज, आतून चामड्याच्या खुर्च्या, चारही चाकांना जोर. जाहिरातीतला तिचा फोटो त्यांनी इतक्यांदा पाहिला होता, की कार्यालयात रेषा काढता काढता ती गाडी कागदावर येऊन उभी राहायची. मग उंचीच्या रेषा हळूहळू सैल होत, त्यांच्यामधून धुकं वर येई, आणि गाडी आवाजसुद्धा न करता त्यातून चढत जाई. वर ताई दारात उभी. भाऊजींच्या तोंडातून शब्द फुटत नाही. शेळ्यासुद्धा चरायच्या थांबलेल्या. इतक्यात कुणीतरी चहा आणून ठेवी आणि डोंगर पुन्हा कागद होई.

वापरलेली गाडी डोळे झाकून घेऊ नये एवढं शहाणपण साहेबांकडे होतं. म्हणून त्यांनी वैद्यबाईंना बोलावलं. पन्नाशीच्या, बुटक्या, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या या बाई जुन्या गाड्या तपासून द्यायच्या. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायच्या आणि डोळे मिटायच्या, म्हणून हे नाव पडलेलं.

गाडी एका सेवानिवृत्त आजोबांच्या अंगणात उभी होती. धुऊन पुसून लख्ख. आजी दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. वैद्यबाईंनी पिशवीतून छापील फॉर्म काढला आणि गाडीकडे न बघता साहेबांना विचारलं, "जायचं कुठे?"

"म्हणजे?"

"माझ्या फॉर्मचा पहिला रकाना आहे हा. रंग, इंजिन, चाकं सगळं नंतर. जायचं कुठे ते आधी. लोक म्हणतात, कुठेही. मी तसं लिहीत नाही."

"ताईकडे," साहेब म्हणाले, आणि मग चढणीचं, डोळ्यांचं, फोनचं सगळंच बोलून गेले. खिशात घालायच्या गाडीची गोष्ट तेवढी त्यांनी गाळली. बाईंनी मान डोलावली आणि रकान्यात लिहिलं, 'ताईकडे'.

मग काम सुरू झालं. बॉनेटवर तळहात ठेवून त्यांनी इंजिन गार असल्याची खात्री केली. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र दारांवरून फिरवलं. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून गाडी कधी पुरात बुडाल्याचा डाग, गाळ आहे का बघितलं. विजेरी घेऊन गाडीखाली आडव्या झाल्या आणि तिथूनच बोलल्या, "पोटाखालच्या पत्र्यावर एक ओरखडा नाही. डोंगरातली गाडी म्हणवते, आणि खडा म्हणून लागलेला नाही हिला!"

"बघा!" साहेब खूश झाले. "जपून वापरलेली!"

चाकांपाशी बसून बाईंनी टायर अंगठ्यानं दाबला. वरची नक्षी जशीच्या तशी होती आणि बाजूच्या रबराला बारीक बारीक चिरा गेल्या होत्या. "झिजले नाहीत, उभ्या उभ्या सुकलेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

आत दोन खुर्च्यांच्या मधोमध एक गोल चकती होती. तिच्यावर चार चित्रं, चिखल, वाळू, बर्फ आणि दगड. जसा रस्ता तशी चकती फिरवायची. त्या चकतीवर कारखान्यातून चिकटून आलेला पारदर्शक कागद नऊ वर्षांनंतरही तसाच होता. साहेबांनी त्यावरून बोट फिरवलं. का कोण जाणे, बोट जरा गार पडलं.

साहेबांनी गाडी फिरवून आणली. काय सांगावं तो प्रवास! रस्ता कापसाचा झाला. दुकानं, झाडं, सायकलवाले काचेपलीकडून पाण्यातल्यासारखे तरंगत मागे गेले. साहेबांना वाटलं, आता वळण आलं की पुढे धुकंच लागणार आणि धुक्यातून ताईचं दार दिसणार. वळण आलं. पुढे मोकळ्या माळावर एक मातीची चढण होती. बाई म्हणाल्या, "थांबा. इथे तो लहान दांडा ओढा. चढणीचा जोर त्यानं मिळतो."

साहेबांनी दांडा ओढला. दांडा हलेना. दोन्ही हातांनी ओढला. खालून दाढ करकरल्यासारखा आवाज आला आणि गाडी कापसातून एकदम जमिनीवर आली. चढण समोर तशीच उभी होती.

अंगणात परतल्यावर आजोबांनी दांड्याचं ऐकलं आणि ते ओशाळले. "कधी ओढलाच नाही हो. डोंगरातल्या तळ्यापर्यंत जायचं म्हणून घेतली होती. हिची फार इच्छा. दरवर्षी काहीतरी निघायचं, मग म्हणायचं, पुढच्या वर्षी."

गाडीच्या कप्प्यात एक घडीचा नकाशा होता. साहेबांनी तो उघडला. त्यांच्याच कार्यालयातला, त्यांच्याच हातच्या रेषांचा! शिसपेन्सिलीनं कुणीतरी तळ्यापर्यंतची वाट नाजूकपणे आखलेली होती. घड्या मात्र कोऱ्या करकरीत, हाताळल्याची खूण नाही.

"मी आखलीये ती," आजी खुर्चीतून म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "आता काय, गुडघ्यांनी दावा मांडलाय. गाडीची पायरी चढवत नाही मला. म्हणून म्हटलं, विकून टाका. उगाच रोज समोर दिसते."

साहेब नकाशाची घडी घालायला गेले तर ती नीट बसेना. बाई त्यांना बाजूला, फाटकापाशी घेऊन गेल्या.

"गाडी वाईट नाही," बाई म्हणाल्या. "इंजिन ठणठणीत आहे. पण तो जोराचा भाग वापराविना गंजून अडकलाय. सुटा भाग मागवायला, बसवायला दोन महिने तरी जातील. वापरून झिजलेलं मी ओळखते आणि दुरुस्तही करते. न वापरता गंजलेलं जास्त अवघड."

"दोन महिने..." साहेब पुटपुटले. "मग त्यानंतर निघेन."

"साहेब, तुमची ताई त्या चढणीवरून कशानं जाते-येते?"

"पायानं."

"शाळेतली मुलं?"

"पायानंच."

"मग तुमच्या पायांना काय झालंय?"

खाली बघत साहेबांनी ती गाळलेली गोष्ट सांगितली. रुतलेली गाडी, ढकलणारं गाव, भाऊजींचं खिशाचं बोलणं. बाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"एका माणसाच्या थट्टेसाठी सात वर्षं!" त्या म्हणाल्या. "आणि बहिणीला काय सांगत आलात? गाडी नाही म्हणून. तिला बिचारीला वाटत असेल, माझ्यापेक्षा गाडी मोठी. अहो, मी रोज अशा गाड्या बघते. भेटायला जायचं म्हणून घेतलेल्या, आणि भेट राहूनच गेलेली. माझ्या फॉर्मवर तुम्ही 'ताईकडे' लिहायला लावलंत. खरं तर तिथे 'भाऊजींच्या तोंडावर' असं लिहायला हवं होतं!"

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी अंगणाकडे पाहिलं. आजी त्या लखलखीत गाडीकडे बघत बसल्या होत्या, आपल्याच दारात उभ्या असलेल्या, कधी न निघालेल्या गाडीकडे. आणि साहेबांच्या छातीत लख्ख काहीतरी उघडलं. अरे, हे तर माझंच अंगण! त्या खुर्चीत माझी ताई बसलीये!

"बाई," ते म्हणाले, "गाडी राहू द्या."

निघताना ते आजोबांपाशी थांबले. "तळ्यापर्यंत आता डांबरी रस्ता झालाय. गेल्याच वर्षी मी तो नकाशात घातला. साधी, बुटकी गाडी भाड्यानं घ्या, पायरी नसलेली. अगदी पाण्यापर्यंत जाते." आजोबांनी आजींकडे पाहिलं. आजींनी हात पुढे करून नकाशा घेतला.

पुढच्या शनिवारी सकाळी ताईला 'निघालो' एवढंच कळवून नकाशेसाहेब, बायको आणि बिट्टी आपल्या छोट्या गाडीनं निघाले. खालच्या गावात झाडाखाली गाडी लावली आणि चढण चालायला लागले. साहेब दर वळणावर थांबले. इथे सूचना वाचायला भिंत नव्हती, म्हणून सरळ म्हणाले, "दम लागला." बिट्टी पुढे पळायची, परत यायची, दगड दाखवायची. ज्या रेषा त्यांनी जन्मभर काढल्या त्यांच्यावरून आज ते स्वतः चालत होते. गवत वाऱ्यानं हलत होतं, खाली दरीत ढगांच्या सावल्या सरकत होत्या, आणि धुकं नसूनही सगळं स्वप्नासारखंच वाटत होतं.

वर दारात ताई उभी होती. किती वेळची उभी होती कोण जाणे. साहेब पोचले ते घामानं निथळत, आणि आधी हात जोडून म्हणाले, "ताई, माफ कर गं. गाडी नाही आणली. चालतच आलो."

"म्हणून तर!" ताई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "अरे वेड्या, जवळचं मला तुकड्यात दिसतं. लांबचं तेवढं अख्खं दिसतं! पहिल्या वळणापासून बघतेय मी तुम्हाला. तिघंही अख्खे, डोक्यापासून पायापर्यंत. ही कशी पळते, कशी वाकते, कशी मागे वळून हात करते! गाडीतून आला असतास तर दारात उतरला असतास आणि मला एक नाक, एक कान मिळाला असता. अर्धा तास बघितलं रे मी. डोळे भरून!"

बिट्टी आत्याच्या कुशीत शिरली. भाऊजी शेळ्या सोडून धावत आले होते. त्यांनी साहेबांच्या खिशाकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि बोललेच नाहीत. साहेबांनीच आपला खिसा उलटा करून दाखवला. "आणली नाही, भाऊजी!" मग सगळे हसले, आणि या वेळी ते हसू साहेबांच्या घशात अडकलं नाही.

वाचकहो, मोठी गाडी जरूर घ्या, चांगली तपासून घ्या. पण फॉर्मचा पहिला रकाना आधी भरा. जायचं कुठे, आणि खरंच कुणासाठी? उत्तरात एखादं माणूस असेल, तर गाडीची वाट बघू नका. वाटेकडे बघत दारात कुणीतरी उभं असतं, आणि त्याला दिसेनासं होण्याआधी आपण त्या पहिल्या वळणावर पोचलेलं असलं पाहिजे.