टोचणारं गवत

मित्रांनो, मी संत्र्याची पेटी आहे. चार फळ्या, मूठभर खिळे, एवढीच माझी मिळकत. खापरखेड्याच्या वीजघरात फिटर असलेल्या रुपरावांनी मला रिकामी झाल्यावर घरी आणली, तळाच्या वाळल्या गवतासकट. त्यांच्या नऊ वर्षांच्या चारूच्या सशाला घर हवं होतं.

सशाचं नाव कापशा. आल्या आल्या तो गवतावर तुटून पडला. संपलं की चारू पुन्हा भरायची. मला मेलं ते टोचायचं, अन् घरभर काड्या व्हायच्या. चारूची आई शोभाताई भारी टापटिपीच्या. एक दिवस त्यांनी सगळं गवत झाडून काढलं अन् जुन्या लुगड्याची मऊ घडी अंथरली. खोटं कशाला बोलू, मी खूश झाले. कापशाला आता दुधात कुस्करलेली पोळी मिळू लागली. चारू आपल्या ताटातली द्यायची.

काही महिन्यांनी त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. मग उजवा डोळा फुगला, रोज थोडा थोडा बाहेर येऊ लागला.

"बाबा, याचा डोळा काहून असा होऊन राहिला?" चारूनं विचारलं.

"नजर लागली असन कोणाची," शोभाताईच म्हणाल्या. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळल्या, काजळाचा टिळा लावला. त्यात आठ दिवस गेले. कापशा माझ्या फळीला गाल टेकून बसायचा. पोळीला तोंड लावेना.

शेवटी रुपरावांनी मला कापशासकट सायकलला बांधलं, चारूला पुढं बसवलं अन् सावनेरला जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी डोळा पाहिला, मग तोंड उघडून पाहिलं.

"दुखणं दाढांचं आहे. सशाच्या दाढा जन्मभर वाढतात अन् गवत चावूनच झिजतात. याच्या झिजल्या नाहीत. मुळं वर घुसली, डोळ्यामागे पू झाला. तोच डोळा बाहेर ढकलतोय. गवत देत नव्हता का?"

"आम्ही पोळी देत होतो," चारू म्हणाली. "दुधातली."

डॉक्टरांनी पू काढला, औषध दिलं. पण फार उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी त्या मऊ घडीवरच कापशा गेला.

"मीच काढलं ना वं ते गवत," शोभाताई चारूला म्हणाल्या अन् माझ्याजवळ बसून रडल्या. गवत निघालं त्या दिवशी मीही खूश झाले होते, हे मी कुणाला सांगू?

मित्रांनो, ससा पाळाल तर त्याला आधी गवत द्या. डोळा फुगला तर नजर काढत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चारू अजून रोज सकाळी माझ्यात ताजं गवत भरते. खाणारं कुणी नाही. ते वाळतं अन् मला टोचतं. टोचू दे.