माझा नंबर उलटा वाचला

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे आणि सध्या भंगाराच्या ढिगात डोकं खाली, बूड वर करून पडलो आहे. गोष्ट रंगवून सांगायला मला सवड नाही. उद्या सकाळी भट्टीचा ट्रक येणार आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. ओतलेलं लोखंड निवलं, घासूनपुसून साफ झालं, आणि एका कामगाराने हातोडीने एकेक ठसा ठोकून माझ्या कुशीवर नंबर उमटवला: एच ९८१६ एस. इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे. पहिला एच म्हणजे मोठ्या गाडीचं इंजिन. शेवटचा एस कशासाठी, ते मलाही कोणी सांगितलं नाही.

मला मास्तरीणबाईंची गाडी मिळाली. बाई लोकांना गाडी चालवायला शिकवत. निम्म्या गावाचा हात माझ्यावरच बसला. कोणी क्लच दणकन सोडला की मी आचका देऊन बंद पडायचो आणि शिकणारी रडवेली व्हायची. बाई म्हणायच्या, घाबरू नकोस, इंजिन गुणी आहे आपलं. ते ऐकून मी पुढच्याच झटक्यात चालू व्हायचो. कौतुकाला भुलतो मी, काय करणार.

पुढे मी तेल प्यायला लागलो, धूर ओकायला लागलो. बाईंच्या भाच्याचं गॅरेज होतं. त्याने गाडीत नवं इंजिन बसवलं आणि बाईंना न विचारताच मला भंगारात दिलं. माझ्यावर दरवाजे, पत्रे, बसच्या सीटा पडत गेल्या. आता फक्त माझी नंबराची बाजू उघडी आहे.

आज दुपारी बाई आल्या. काठी टेकत, भाच्याला पुढे घालून. त्यांच्या बोलण्यातून कळलं की नव्या नियमाने जुन्या गाड्या मोडीत निघणार आहेत. गाडी जुना वारसा म्हणून वाचवायची, तर तिच्यात मूळ नंबराचं इंजिन हवं. शेवटची तारीख परवाची. मी सापडलो नाही, तर माझ्यामागोमाग गाडीही जाणार.

भाचा ढिगावर चढला. त्याने चिंधीने माझी कूस पुसली. माझा जीव टांगणीला लागला.

"मावशी, हे आपलं नाही. एसने सुरू होतंय. लहान गाडीचं इंजिन आहे."

"पूर्ण वाच रे बाबा."

"पहिलं अक्षरच चुकलं, पुढचं वाचून काय करू?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मित्रांनो, इंग्रजी एच उलटा केला तरी एचच राहतो, एस उलटा केला तरी एसच. आठ आणि एकही तसेच. नवाचा मात्र सहा होतो आणि सहाचा नऊ. मी पालथा पडलेला, म्हणून त्याला माझं शेपूट आधी दिसलं. मी आतल्या आत आक्रोश केला. पण ज्याच्यात ना तेल ना ठिणगी, त्याचा आवाज कुठून फुटणार?

गुडघ्यांमुळे बाईंना वर चढता येईना. त्यांनी पर्समधून कागद आणि पेन्सिल काढून वर दिली.

"निदान छाप तरी घे. घरी चष्मा लावून बघते."

भाच्याने नाइलाजाने माझ्यावर कागद धरला आणि पेन्सिल घासली. बाईंनी त्या कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि डोळे पुसले. फाटकापाशी भाचा त्यांची समजूत घालत होता की आता गाडीचा नाद सोड.

मित्रांनो, एखाद्या जुन्या वस्तूला "ही आपली नाही" म्हणण्याआधी तिला एकदा सरळ करून बघा. ती जड असेल, तर आपली मान वाकडी करा. त्यात कोणाचं काही जात नाही.

माझी सगळी आशा आता त्या घडीत आहे. मला फिरवायला क्रेन लागेल, कागद फिरवायला दोन बोटं पुरतात. पण भाच्याचं खरं मानून त्यांनी पर्स उघडलीच नाही तर? बाई, चष्मा लावा. आधी एस दिसला, तर रडत बसू नका. बाई, कागद फिरवा.